आंबट वासाची रिळे भंगारात घालण्यापूर्वी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत साठच्या दशकातील अमेरिकी उत्तान कृष्णधवल चित्रपटांवर आलेला लेख वाचला. लेखकाने या चित्रपटांचे तीन दोष दाखवले आहेत. ओठ आणि आवाज जुळत नाहीत, बोलणे चालू असताना कॅमेरा भलतीकडेच, म्हणजे पायांवर, खिडकीच्या पडद्यावर, राखेच्या ताटलीवर जातो, आणि प्रकाशयोजना सपाट असते. तिन्ही निरीक्षणे बरोबर आहेत. मात्र त्यावरून 'असल्या चित्रपटांच्या प्रती सांभाळण्यावर पैसा का घालवायचा' असा जो निष्कर्ष काढला आहे, तो आम्हाला मुळीच पटत नाही. संकलन, ध्वनी आणि जुनी रिळे तपासणे हेच आमचे काम आहे. हे दोष कुठून आले ते कळले, तर रिळे कशी हाताळायची तेही कळते. शिवाय हा प्रश्न अमेरिकेपुरता नाही. मुंबईतल्या गोदामांत स्टंटपटांची, तमाशापटांची आणि कमी खर्चात उरकलेल्या कितीतरी कृष्णधवल चित्रपटांची रिळे याच अवस्थेत पडून आहेत.

आधी हे चित्रपट निघाले कसे ते पाहू. 1957 मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या अपील न्यायालयाने निर्णय दिला की, निव्वळ नग्नता म्हणजे अश्लीलता नव्हे. त्यानंतर नग्नतावाद्यांच्या वसाहतींत घडणारे, उन्हात चित्रित केलेले रंगीत चित्रपट भराभर निघाले. 1963-64 पर्यंत प्रेक्षक त्यांना कंटाळला. मग निर्माते शहरातल्या बंद खोल्यांकडे, गुन्हेगारीकडे आणि मारहाणीकडे वळले. हर्शेल गॉर्डन लुईस, रस मेयर, डोरिस विशमन, जो सार्नो, मायकेल फिंडले ही त्या काळातल्या दिग्दर्शकांमधली प्रमुख नावे. रस मेयर यांनी 1964 चा 'लॉर्ना' कृष्णधवल केला, तर विशमन यांचा 'बॅड गर्ल्स गो टू हेल' 1965 चा. कॅमेरा उन्हातून घरात आला आणि त्याबरोबर रंगही गेला. यामागे सौंदर्यदृष्टी वगैरे काही नव्हती, सगळा हिशेब विजेचा होता.

ईस्टमन-कोडॅक कंपनीची 1962 ची रंगीत निगेटिव्ह (क्रमांक 5251) कृत्रिम प्रकाशात 50 एएसएची होती (एएसए म्हणजे फिल्मच्या प्रकाशसंवेदनशीलतेचे माप). कोडॅकची कृष्णधवल 'डबल-एक्स' (क्रमांक 5222, 1959 ची) 200 ची, म्हणजे उजेड एक चतुर्थांश पुरे. भिंगाचे छिद्र एफ 2.8 वर ठेवले तर कृष्णधवलला साधारण 50 फूट-कँडल (उजेड मोजायचे एकक) लागत, रंगीतला 200. भाड्याच्या फ्लॅटमध्ये 500 वॉटचे तीन फोटोफ्लड बल्ब लावले की 1500 वॉट होतात. अमेरिकेत घरगुती सर्किट 15 अँपिअर आणि 120 व्होल्टचे, म्हणजे 1800 वॉटचे. चौथा बल्ब लावला की फ्यूज उडणार. तीन दिव्यांत जेमतेम भागणारी खोली रंगीत करायची तर बारा दिवे आणि चार स्वतंत्र सर्किटे लागली असती. तीनच दिवे हाताशी असले की ते पांढऱ्या छताकडे रोखून परतलेला उजेड खोलीभर पसरवणे सर्वांत सोयीचे, कारण मग नटी कुठेही सरकली तरी पुन्हा प्रकाशयोजना करावी लागत नाही. लेखकाला जी सपाट प्रकाशयोजना खटकली, ती हीच.

आता आवाज. चित्रीकरणाबरोबरच ध्वनिमुद्रण करायचे तर आवाज न करणारा, आवरणातला जड कॅमेरा, ठरलेल्या वेगाने फिरणारी मोटर, पायलट टोन (कॅमेऱ्याच्या वेगाची खूण) नोंदवणारा टेप-रेकॉर्डर आणि बूम (माइकची लांब काठी) धरणारा माणूस इतके सगळे लागते. ॲरिफ्लेक्ससारखा हातात मावणारा कॅमेरा हलका, त्याच्या आरशाच्या शटरमुळे भिंगातून थेट पाहता येते, पण तो यंत्रासारखा घरघरतो. त्यात मोटर 'वाइल्ड', म्हणजे वेग बांधून न ठेवलेली असेल तर वेग घसरतो. सेकंदाला 24 ऐवजी 25 फ्रेम गेल्या, तर एका मिनिटात 60 फ्रेम जास्त पडतात. पडद्यावर ते मिनिट साडेबासष्ट सेकंद चालते आणि टेपवरचा आवाज अडीच सेकंद आधीच संपतो. म्हणून या मंडळींनी थेट ध्वनिमुद्रणाचा नादच सोडला. चित्रपट मुका चित्रित करायचा आणि संवाद नंतर भरायचे. 1964 मध्ये निघालेल्या 'ओल्गा' मालिकेतल्या सुरुवातीच्या चित्रपटांनी तर बहुतांश काम निवेदकाच्या आवाजावर भागवले.

डोरिस विशमन यांच्या चित्रपटांत टेलिफोनवरचे दृश्य मुद्दाम थांबून पाहावे. बोलणारी बाई पाठमोरी किंवा रिसीव्हरआड, दोन वाक्यांनंतर ऐकणाऱ्याचा चेहरा, मग चप्पल, मग कोपऱ्यातला दिवा, आणि शेवटचे वाक्य संपताना पुन्हा पाठ. पस्तीस मिलिमीटरची फिल्म मिनिटाला 90 फूट जाते. 40 सेकंदांच्या या दृश्याला 60 फूट लागले, आणि त्यात बोलणारे ओठ जेमतेम पाच-सहा फुटांत दिसतात. तेवढेच फूट डबिंगमध्ये अचूक जुळवावे लागतात. बाकीच्या जागी संवाद हवा तेवढा लांबवा, बदला, नाहीतर नवाच लिहा, बिघडत काहीच नाही. पैसे नसलेल्या संकलकाने शोधलेली ही फार हुशार युक्ती आहे. ती हलगर्जीपणात काढणे हा विशमन यांच्यावर अन्याय आहे.

मुंबईच्या वाचकाला यात नवल वाटू नये. आपल्याकडेही ॲरिफ्लेक्स आला, पत्र्याच्या शेडमध्ये चित्रीकरण होऊ लागले आणि डबिंग हीच रीत झाली. दृश्याच्या तुकड्याची टोके जोडून लूप बनवायचा, तो पुन्हा पुन्हा फिरवायचा, नटाने हेडफोन लावून ओठ पकडायचे. फरक एवढाच की आपल्याकडे गाणी होती, आणि गाण्यांचा आवाज आधीच टेपवर असल्यामुळे तिथे तरी वेग सांभाळावा लागे.

फिल्मचा खर्चही मांडून पाहा. 70 मिनिटांचा चित्रपट म्हणजे 6300 फूट. प्रत्येक शॉट सरासरी तीनदा घेतला तर 18,900 फूट निगेटिव्ह, म्हणजे 400 फुटांचे 47-48 डबे. दहादा घेतला तर 63,000 फूट. त्यामुळे दुसरा टेक चांगला गेला की पुढे. मुख्य चित्रपट म्हणून विकायचा तर तासाभरापेक्षा मोठा हवा, आणि कथा मात्र चाळीस मिनिटांची. मग पात्र रस्त्याने चालत राहते. न्यूयॉर्कची 42वी स्ट्रीट, तिथल्या पाट्या, दुकाने, हातात कॅमेरा धरून टिपलेली गर्दी. भरताड म्हणून घातलेला हा भाग आज शहराच्या इतिहासाचे साधन झाला आहे. मोठ्या स्टुडिओने तो रस्ता सेटवर उभारला असता, यांना ते परवडत नव्हते.

आपल्या रिळांबाबतही हे लक्षात ठेवावे. डब्यावर नाव नसलेले रीळ ओळखायचे असेल, तर बाहेरच्या दृश्यांची पार्श्वभूमी बघा. मुंबईत धावती ट्राम दिसली, तर तो शॉट 31 मार्च 1964 किंवा त्याआधीचा आहे, कारण त्या दिवशी शेवटची ट्राम धावली. अर्थात, जुन्या चित्रपटातला तुकडा उचलून जोडलेला असू शकतो. त्यामुळे फिल्मच्या कडेवरच्या खुणाही पाहाव्यात. कोडॅकच्या कडेला चौकोन, वर्तुळ, त्रिकोण अशा उत्पादनवर्षाच्या खुणा असतात, पण त्या दर वीस वर्षांनी पुन्हा येतात. 1945 आणि 1965 यांची खूण एकच. एका पुराव्यावर विसंबलात तर वीस वर्षांची चूक होईल.

सर्वांत जास्त नासाडी होते ती प्रतींच्या बाबतीत. या अमेरिकी चित्रपटांची एकच अशी 'खरी' प्रत बहुधा नसते. एकाच चित्रपटाच्या सौम्य आणि भडक आवृत्त्या काढल्या जात. ज्या राज्यात पोलीस कडक, तिथे सौम्य, बाकी ठिकाणी भडक. थिएटरवालाही कात्री चालवी. त्यामुळे एका शीर्षकाचे चार डबे सापडले की 'तीन जादा आहेत, फेका' हे धोरण घातक ठरते. आपल्याकडे 1952 च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याखालची काटछाट, वितरकाची काटछाट आणि प्रोजेक्टरवर तुटलेला भाग असे तीन थर असतात.

कात्री कोणाची हे ओळखण्याचा एक उपाय आहे. पस्तीस मिलिमीटरच्या प्रतीवर आवाजाची पट्टी संबंधित चित्राच्या सुमारे 20 फ्रेम पुढे असते. तयार प्रत मधेच कापून जोडली, तर आधी चित्र उडी मारते आणि पाऊण-एक सेकंदाने आवाज. म्हणजे ही कात्री थिएटरात किंवा वितरकाकडे चालली. चित्र आणि आवाज एकाच क्षणी उडाले, आणि हाताला जोड लागत नसेल, तर काटछाट निगेटिव्हवर, प्रत काढण्याआधी झाली. बेंचवर रीळ सावकाश फिरवत प्रत्येक जोडाची फूट-फ्रेम नोंद करा. एका फुटात 16 फ्रेम. मग प्रतीची एकूण लांबी सुरुवातीच्या सेन्सॉर प्रमाणपत्रावरच्या लांबीशी ताडून पाहा. प्रमाणपत्रावर लांबी मीटरमध्ये असेल तर फुटांना 0.3048 ने गुणा. प्रमाणपत्राची ती फ्रेम अनेकजण 'चित्रपट नाही' म्हणून कापून टाकतात. कृपा करून कापू नका, रिळाचा जन्मदाखला तोच.

सेन्सॉरचे कागद किती मोलाचे असतात, याचे उदाहरण न्यूयॉर्कमध्येच आहे. राज्याचे सेन्सॉर खाते 1921 ते 1965 चालले, आणि परवान्यासाठी संवादांची संहिता जमा करावी लागे. ते खाते गेले, पण 50 हजारांहून अधिक संहिता राज्याच्या अभिलेखागारात आहेत. फिल्म हरवली तरी तिच्यात काय बोलले गेले, हे तिथे वाचता येते. 1965 मध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने 'फ्रीडमन विरुद्ध मेरीलँड' खटल्यात पूर्वपरवानगीच्या पद्धतीवर कडक अटी घातल्या. आपल्याकडे वाट उलटी गेली. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या 'अ टेल ऑफ फोर सिटीज' या लघुपटातील मुंबईच्या वेश्यावस्तीच्या दृश्यांवरून वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि 1970 मध्ये न्यायालयाने पूर्वपरीक्षण वैध ठरवले. तत्पूर्वी, 1969 मध्ये, न्या. खोसला समितीने कथेची गरज असेल तिथे चुंबन आणि नग्नतेला मोकळीक द्यावी असे सुचवले होते. आपल्याकडे कात्री जास्त चालली, म्हणजे कात्रीची कागदपत्रेही जास्त तयार झाली. ती मुंबईतच तयार झाली. साठच्या दशकातील परीक्षणाच्या नोंदी आणि अर्जासोबतचे संवाद अभ्यासकांना खुले करावेत, ही आमची केंद्रीय चित्रपट प्रमाणन (सेन्सॉर) मंडळाला विनंती आहे.

एक गोष्ट आडपडदा न ठेवता सांगतो. 1964 नंतरच्या यांपैकी बऱ्याच चित्रपटांत स्त्रीवरचा अत्याचार हाच विकायचा माल होता. बजेट कमी होते म्हणून त्याचे समर्थन होत नाही. पण जपून ठेवणे आणि गौरव करणे या वेगळ्या गोष्टी आहेत. हा माल कोणी, कोणाला, कोणत्या कायद्याच्या फटीतून विकला हे पुढच्या पिढीने पुराव्यासह तपासायचे, तर पुरावा शिल्लक हवा. अमेरिकेत तो टिकला, कारण सिॲटलमध्ये माइक व्रेनी यांनी 1990 मध्ये 'समथिंग वियर्ड व्हिडिओ' सुरू करून कोणी विचारत नव्हते अशा प्रती गोळा केल्या. पुढे ऑस्टिनच्या 'अमेरिकन जॉनर फिल्म अर्काइव्ह'ने त्या कामाला हात लावला. आपण मात्र 'आलम आरा'ची एक प्रतही राखू शकलो नाही, आणि तो तर 1931 मध्ये गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये लागलेला आपला पहिला बोलपट.

कृष्णधवल प्रत रंगीत प्रतीपेक्षा चिवट असते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. तिच्यातले चित्र धातूच्या चांदीचे, ते उडत नाही. त्याच काळातल्या ईस्टमनकलर प्रती गुलाबी पडल्या. पण याच चांदीसाठी रिळे धुवून विकली गेली, आणि उरलेल्यांचा शत्रू मुंबईची हवा आहे. साठच्या दशकातील फिल्मचा पाया ॲसिटेटचा, कडेला 'सेफ्टी' असे छापलेले असते. ती त्याआधीच्या काळातल्या नायट्रेट फिल्मसारखी भडकत नाही, पण उष्णता आणि दमट हवेत तिच्यातून ॲसिटिक आम्ल सुटते, आणि ते आम्लच पुढचा नाश वेगाने घडवते. 21 अंश आणि 50 टक्के आर्द्रतेत नव्या ॲसिटेटला हा रोग लागायला सुमारे 40 वर्षे लागतात. लॅमिंग्टन रोडच्या आसपासच्या गोदामांत किंवा पत्र्याखालच्या पोटमाळ्यावर जुलै-ऑगस्टमध्ये काय हवा असते, हे सांगायला नको.

डबा उघडल्यावर व्हिनेगरचा वास आला तर घाबरून फेकू नका, तसेच लगेच प्रोजेक्टरवरही चढवू नका. खिडक्या उघडा, नायट्राइलचे हातमोजे आणि मास्क वापरा, कारण ही वाफ डोळ्यांना आणि घशाला झोंबते. आम्लमापक पट्ट्या मिळतात, त्यांतली एक बंद डब्यात 24 तास ठेवा. ती निळी राहिली तर ठीक, हिरवी झाली तर रोग जोरात आहे, पिवळी पडली तर आधी त्याच रिळाचे स्कॅनिंग करून घ्या. आंबट रिळे निरोगी रिळांपासून वेगळ्या खोलीत ठेवा.

मग आकुंचन मोजा. यासाठी अर्धा मीटर लांबीची स्टीलची पट्टी पुरते. फिल्म टेबलावर सपाट पसरा, ताणू नका, आणि एका छिद्राच्या कडेपासून शंभर छिद्रे पुढच्या त्याच कडेपर्यंत मोजा. नव्या प्रतीत हे अंतर 475 मिलिमीटर असते. 470 च्या आसपास आले की सुमारे एक टक्का आकुंचन झाले. अशी फिल्म दात्यांच्या चाकावरून नेली, तर छिद्रे फाटत जातात आणि एका खेळात रीळ संपते. ती फक्त दाते नसलेल्या स्कॅनरवर द्यायची. रिळाची सुरुवात, मध्य आणि शेवट अशा तीन ठिकाणी मोजा, कारण बाहेरची वेटोळी आतल्यांपेक्षा जास्त आकसलेली असू शकतात.

सिमेंटचे (फिल्म चिकटवायच्या द्रावणाचे) जुने जोड आकुंचनाने सुटतात. तिथे साधी चिकटपट्टी लावली तर गोंद पाझरून शेजारची वेटोळी चिकटतात, फिल्मसाठीची पॉलिएस्टर टेपच वापरा. बुरशी दिसली तर पाणी लावू नका. बुरशीने जिलेटिन पाण्यात विरघळणारे होते, आणि ओल्या फडक्याबरोबर चित्रच पुसून येते. गंजलेला पत्र्याचा डबा टाकून हवा खेळती राहील असा पॉलिप्रोपिलिनचा घ्या, डबे आडवे ठेवा. डब्यातली चिठ्ठी आम्ल धरून ठेवते, म्हणून ती बाहेर काढा, पण तिचे आणि झाकणावरच्या अक्षरांचे छायाचित्र काढून ती त्याच क्रमांकाने जपा. वातानुकूलित खोलीतून रीळ बाहेर आणताना पिशवीत बंद करून 24 तास तसेच राहू द्या, नाहीतर पावसाळ्यात त्यावर दव धरते.

स्कॅनिंग करणाऱ्याला दोन गोष्टी बजावून सांगा. पहिली, कडांसह पूर्ण फ्रेम घ्यायची, ध्वनिपट्टीसकट. 4के दर्जात एक फ्रेम सुमारे 51 मेगाबाइटची होते, 70 मिनिटांच्या 1,00,800 फ्रेमना सुमारे 5 टेराबाइट जागा लागते. तेवढे जमत नसेल तर 2के मध्ये सव्वा टेराबाइटवर भागते. दुसरी गोष्ट आवाजाची. आवाज सगळ्या चित्रपटभर सारख्याच फ्रेमनी मागेपुढे असेल, तर ती प्रत काढतानाची चूक, ती सुधारावी. तो दर शॉटला वेगवेगळा हुकत असेल, तर ते मूळ डबिंग आहे, त्याला हात लावू नये. हल्ली संगणकावर प्रत्येक संवाद ओठांशी जुळवून 'स्वच्छ' केलेल्या प्रती निघतात. विशमन यांच्या चित्रपटावर हा प्रयोग केला, तर त्यांनी कॅमेरा पायांकडे का वळवला याचे उत्तरच नाहीसे होईल. आपल्या डबिंगच्या जुन्या चित्रपटांवरही तो करू नये.

स्कॅन झाले की रीळ विकायचे नाही. हार्ड डिस्क पाच-सात वर्षांत बंद पडू शकते, रीळ थंड आणि कोरड्या जागी कितीतरी अधिक टिकते. घरी ठेवणे शक्य नसेल, तर पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला किंवा मुंबईतील फिल्म हेरिटेज फाउंडेशनला आधी लेखी कळवा. पत्रात शीर्षक, रिळांची संख्या, प्रत्येकाची फुटांतली लांबी, निगेटिव्ह आहे की प्रत, ध्वनीची निगेटिव्ह वेगळी आहे का, आम्लमापक पट्टीचा रंग आणि शंभर छिद्रांचे माप एवढे लिहिले, तर समोरच्याला कोणते रीळ आधी उचलायचे हे ठरवता येते. चित्रपट चांगला की वाईट, सोज्ज्वळ की उत्तान, हा रकाना त्या यादीत नसावा.

आपले,
चित्रपट संकलन, ध्वनी आणि फिल्म-जतनाच्या कामातील काही वाचक
गोरेगाव, मुंबई